विमानवाहू जहाजावर भलतीच विमानं: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि सोलापुरात विमानांच्या गप्पांना ऊत आला. शाळा-कॉलेजांत, वाचनालयात, कधी सात रस्ता चौकात चहा पिताना विमानवाहू जहाजांचा विषय निघाला, की ठरावीक शंका येतात. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या शंका लढाऊ विमानांच्या नसतातच. मालवाहू विमान उतरेल का, हेर विमान उतरलंय का, बायकापोरांना घेऊन कुणी उतरलं ते खरं का, असं लोक विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

एवढ्याशा जहाजावर विमान उतरतं तरी कसं?

आधी ‘एवढंसं’ म्हणजे किती ते बघू. आपली नवी आयएनएस विक्रांत २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे अकरा डबे ओळीनं उभे केले, की झाली विक्रांतची लांबी. आपल्या विमानतळाची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती जागची हलत नाही.

जहाज हलतं, ही मात्र अडचण नसून सोय आहे. विमान उतरवताना जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवतात आणि वेग वाढवतात. समजा, एखादं हलकं विमान ६० नॉट वेगानं येतंय. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) समोरून १५ नॉटचा वारा आहे आणि जहाज २५ नॉटनं चाललंय. मग डेकवरून वाहणारा वारा झाला ४० नॉट, आणि डेकच्या हिशेबानं विमानाचा वेग उरला फक्त २० नॉट. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. वेग एक तृतीयांश झाला, तर अंतर एक नवमांश होतं.

हे एवढं डोक्यात ठेवलं, तर खालची बहुतेक उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. विमान केवढं मोठं आहे यापेक्षा ते किती सावकाश उडू शकतं, हे इथं महत्त्वाचं.

जेट लढाऊ विमानांना सावकाश येणं जमत नाही. ती १३० नॉटच्या पुढेमागे वेगानं येतात, वाऱ्याचा फायदा वजा केला तरी शंभराच्या आसपास उरतातच. म्हणून त्यांच्या शेपटीखाली हूक असतो आणि डेकवर आडव्या पोलादी तारा. हूक तारेत अडकला की शंभरेक मीटरच्या आत विमान थांबतं. चाकं टेकताक्षणी पायलट इंजिन कमी करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. हूक चुकलाच, तर पुढच्या टोकावरून पुन्हा हवेत जाता आलं पाहिजे.

पहिल्यांदा हा वेडेपणा कुणी केला?

यूजीन एली या अमेरिकन वैमानिकानं. १४ नोव्हेंबर १९१० ला तो ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फळ्यांवरून उडाला आणि १८ जानेवारी १९११ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभ्या असलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया’वर उतरला. विमानाला हूक लावले होते आणि फळ्यांवर आडव्या दोऱ्या ताणून त्यांच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधली होती. लाइफ जॅकेट म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूब अंगाभोवती गुंडाळल्या होत्या. आजच्या तारा म्हणजे त्याच पोत्या-दोऱ्यांची सुधारलेली आवृत्ती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जमिनीवरच्या एका प्रदर्शनात उडताना एली अपघातात गेला.

चालत्या जहाजावर पहिल्यांदा उतरला ब्रिटनचा एडविन डनिंग, २ ऑगस्ट १९१७ ला, ‘फ्युरियस’वर. त्याला थांबवायला तारा नव्हत्या. सहकारी अधिकारी धावत गेले आणि त्यांनी हातांनी विमान धरलं! पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना विमान समुद्रात गेलं आणि डनिंग बुडाला.

सर, हर्क्युलिस खरंच जहाजावर उतरलंय का? का यूट्यूबवरचं उगीच?

खरंच उतरलंय, आणि एकदा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’वर लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली यांनी केसी-१३०एफ हे चार इंजिनांचं हर्क्युलिस २१ वेळा पूर्ण थांबवून उतरवलं, आणि २१ वेळा तिथूनच उडवलं. शिवाय २९ वेळा चाकं टेकवून तसंच पुढे नेलं. ना हूक, ना तार, ना कॅटापल्ट (विमानाला डेकवरून झटक्यात पुढे फेकणारं यंत्र). विमानाच्या अंगावर कुणीतरी रंगवलंही होतं, ‘बघ आई, हूक नाही!’ अशा अर्थाचं.

आकडे थक्क करणारे आहेत. पंखांचा पसारा १३२ फूट, म्हणजे ४० मीटर. साडेअडतीस टन वजन असताना ते २६७ फुटांत थांबलं. सुमारे ५५ टनांच्या सर्वांत जड उड्डाणाला ७४५ फूट लागले. हे कसं जमलं? सावकाश उडण्याची क्षमता, समोरून भरपूर वारा आणि चार पंखे. चाकं टेकायच्या क्षणभर आधीच, डेकपासून तीन-चार फुटांवर असताना, फ्लॅटली पंख्यांची पाती उलटी फिरवत, म्हणजे पंखे पुढे ओढण्याऐवजी मागे ढकलू लागत. जमिनीवर असं केलं तर प्रशिक्षक कान उपटेल. विमानात केलेले बदल किरकोळ होते: पुढच्या चाकाच्या दट्ट्यात थोडा फरक, चाकं न घसरणारे ब्रेक, आणि हवेत इंधन देण्याचे पंखांखालचे डबे काढून टाकले.

मग अमेरिकेनं असली विमानं जहाजांवर ठेवली का नाहीत? माझ्या मते सगळ्या विषयात हाच खरा प्रश्न आहे. हर्क्युलिस डेकवर असेपर्यंत बाकी सगळी विमानं बाजूला करावी लागत. ते लिफ्टनं खाली नेता येत नाही, पंख मिटत नाहीत, आणि पंखाचं टोक व जहाजाचा मनोरा यांच्यात जेमतेम पंधरा फूट उरत. रात्री, पावसात, उसळत्या समुद्रात रोज सामान आणायला हा धोका कोण पत्करणार? निष्कर्ष निघाला की शक्य आहे, पण शहाणपणाचं नाही. सामान नेआणीचं काम सी-२ ग्रेहाउंड या लहान विमानाकडे गेलं. तेच हर्क्युलिस आज फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे.

आपल्या विमानतळाजवळची कारखान्याची चिमणी उड्डाणाला अडथळा म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. मग जहाजावर डेकशेजारीच उभा मनोरा कसा चालतो?

हा प्रश्न सोलापूरकरच विचारू शकतो. चिमणी पाडायला हवी होती की नको, या वादात मी इथं पडत नाही. तांत्रिक उत्तर असं: विमानतळावर अडचण होते ती उतरण्याच्या आणि चढण्याच्या मार्गाखाली येणाऱ्या उंच गोष्टीची. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं, कित्येक किलोमीटर आधीपासून खाली येत असतं. त्या उताराखाली आणि दोन्ही बाजूंना ठरावीक मोकळीक ठेवावीच लागते.

जहाजावरचा मनोरा, ज्याला नौदलात ‘आयलंड’ म्हणतात, तो उजव्या कडेला असतो आणि विमान उतरतं डावीकडे तिरप्या आखलेल्या पट्टीवर. म्हणजे तो मार्गात नसतो, मार्गाच्या बाजूला असतो. तिरप्या डेकची कल्पना १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या डेनिस कॅम्बेल यांनी मांडली. त्याआधी पट्टी सरळ असे आणि पुढे उभ्या केलेल्या विमानांच्या रक्षणासाठी मध्ये जाळी लावत. तार चुकली, तर गाठ जाळीशीच.

तरी मनोऱ्याचा त्रास होतोच, पण वेगळ्या कारणानं. वारा त्याला वळसा घालून मागच्या बाजूला भोवरे करतो, आणि विमान शेवटच्या काही सेकंदांत नेमकं त्याच खराब हवेतून येतं. विमान अचानक खाली बसतं. हर्क्युलिससारख्या रुंद विमानाला तर एका पंखाखाली चांगली हवा आणि दुसऱ्याखाली भोवरे, असंही होऊ शकतं.

मग आपलं गोव्याचं एटीआर जहाजावर उतरेल का?

एटीआर-७२ च्या पंखांचा पसारा २७ मीटर आहे, म्हणजे हर्क्युलिसपेक्षा बराच कमी. त्यालाही पंखे आहेत आणि पातीही उलटी फिरतात. कागदावर बघितलं तर आशा वाटते. पण हर्क्युलिस खाचखळग्यांच्या मातीच्या पट्ट्यांवर आदळायला बनवलंय आणि एटीआर प्रवासी विमान आहे. जहाजावर विमान अलगद टेकवायचं नसतं. जिथं ठरलंय तिथंच, जवळपास आपटूनच उतरवावं लागतं, कारण अलगद टेकवण्याच्या नादात शंभर मीटर पुढे तरंगत गेलात तर पट्टी संपली. एटीआरची चाकं आणि पाय असल्या वागणुकीसाठी नाहीत. एखाद्या वेळी जमेलही, पण त्या विमानात मी बसणार नाही.

हेर विमान यू-२ जहाजावरून उडवण्याची काय गरज पडली?

राजकारण. दुसऱ्या देशाच्या विमानतळावर हेर विमान ठेवायचं, तर त्या देशाची परवानगी हवी, आणि १९६० मध्ये सोव्हिएत संघानं यू-२ पाडल्यावर ती मिळणं अवघड झालं होतं. जहाजाला कुणाची परवानगी लागत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये ‘किटी हॉक’वरून यू-२ पहिल्यांदा उडालं. पुढच्या वर्षी हूक लावलेली, मजबूत पायांची यू-२जी ‘रेंजर’वर उतरली. मे १९६४ मध्ये या विमानांनी पॅसिफिकमधल्या मुरुरोआ या फ्रान्सच्या अणुचाचणी स्थळाचे फोटो काढले. म्हणजे हेरगिरी झाली ती मित्रदेशाचीच.

यू-२ उडवणं जहाजावर सोपं होतं. पंख लांब, वजन कमी, त्यामुळे कॅटापल्ट न वापरताच ते सुटत असे. उतरवणं मात्र वैतागाचं, कारण ते जवळजवळ ग्लायडरच आहे, खाली यायलाच तयार नसतं. म्हणून पंखांवर उचल मारून टाकणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. १९६९ मध्ये १०३ फूट पंखांच्या यू-२आरचीही ‘अमेरिका’ या जहाजावर चाचणी झाली. जमलं सगळं. पण एका हेर विमानासाठी अख्खं जहाज आणि त्याच्यासोबतच्या नौका अडकवून ठेवायच्या, हे नौदलाला परवडण्यासारखं नव्हतं.

उडवायचं आणि परत घ्यायचंच नाही, असं कधी झालंय का?

कितीतरी वेळा. सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १८ एप्रिल १९४२ चा. जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली १६ बी-२५ बॉम्बफेकी विमानं ‘हॉर्नेट’वरून जपानवर गेली. ती जहाजावर परत उतरूच शकत नव्हती, पुढे चीनमध्ये उतरायचं ठरलं होतं. पहिलं विमान डूलिटल यांचं, त्यांना धावायला ४६७ फूट मिळाले. डेकवर दोन पांढऱ्या रेषा आखल्या होत्या, एक पुढच्या चाकासाठी आणि एक डाव्या चाकासाठी. रेषा सोडली नाही, तर उजवा पंख मनोऱ्यापासून सहा फुटांवरून जाणार. जपानी टेहळणी बोटीनं जहाज पाहिल्यामुळे ठरल्यापेक्षा आधी, सुमारे ६५० सागरी मैलांवरूनच उडावं लागलं आणि इंधनाचा हिशेब कोलमडला. पंधरा विमानं चीनमध्ये किंवा किनाऱ्याजवळ नष्ट झाली, एक सोव्हिएत संघात व्लादिवोस्तोकजवळ उतरलं. ८० जणांपैकी बहुतेक वाचले. त्यांना आसरा देणाऱ्या चिनी गावांवर जपानी सैन्यानं जो सूड उगवला, त्याविषयी फार कमी बोललं जातं.

जानेवारी १९४७ मध्ये ‘फिलिपीन सी’ या जहाजावरून सहा डकोटा विमानं अंटार्क्टिकाकडे उडाली. पायांना बर्फासाठी स्की, पोटाला धक्का देणारे रॉकेट. पहिल्या विमानात ध्रुवीय संशोधक रिचर्ड बर्ड होते. मोहीम संपल्यावर ती विमानं तिथंच सोडून दिली.

तिसरं उदाहरण मला सर्वांत वेडगळ वाटतं. १९४९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाला अणुबॉम्बच्या खेळात हवाई दलाच्या मागे राहायचं नव्हतं. त्या काळचा बॉम्ब अवाढव्य आणि तो उचलणारं जहाजी विमान तयार नव्हतं. म्हणून नेपच्यून हे जमिनीवरचं गस्ती विमान क्रेननं जहाजावर चढवून रॉकेटच्या जोरावर उडवलं. मार्च १९४९ मध्ये ‘कोरल सी’वरून ७४,१०० पौंड वजनाचं नेपच्यून उडालं आणि अमेरिका आडवी ओलांडून परत आलं. खऱ्या युद्धात मोहीम संपल्यावर ते कुठल्यातरी मित्रदेशात उतरवायचं, नाहीतर जहाजाशेजारी पाण्यात, अशी योजना होती. पाण्यात उतरून माणसं वाचवायची आणि विमान बुडू द्यायचं.

जमिनीवरची लढाऊ विमानं हूक नसताना कशी उतरवली?

दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. जून १९४० मध्ये नॉर्वे सोडताना ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांना आपली हरिकेन विमानं जाळून टाकायचे आदेश होते. त्यांनी नकार दिला आणि ‘ग्लोरियस’वर उतरवण्याची परवानगी मागितली. ब्रेक जोरात लावला तर हरिकेन नाकावर उलटतं, म्हणून शेपटीत वाळूची पिशवी ठेवली. एकही विमान न गमावता सगळी उतरली. दुसऱ्याच दिवशी, ८ जूनला, दोन जर्मन युद्धनौकांनी ‘ग्लोरियस’ आणि सोबतच्या दोन विनाशिका बुडवल्या. १५०० हून जास्त माणसं गेली. वाचलेल्या मूठभरांत त्या वैमानिकांपैकी फक्त दोघे होते.

दुसरा प्रसंग माल्टाचा, १९४२ चा. स्पिटफायर विमानं ‘वास्प’ आणि ‘ईगल’वरून उडवून बेटावर पाठवत. स्पिटफायरचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली. छोट्या डेकवरून उडायला ते अर्धवट खाली हवेत. तोडगा असा, की लाकडी पाचर मध्ये ठोकायची आणि फ्लॅप तिच्यावर मिटायचे. उडाल्यावर पायलट फ्लॅप एकदा पूर्ण खाली करे, पाचर समुद्रात पडे, आणि मग फ्लॅप नीट मिटत. अशा उपायासाठी इंजिनिअरपेक्षा सुतार बरा. ९ मे १९४२ ला जेरॉल्ड स्मिथ या कॅनेडियन वैमानिकाची जादा टाकी बिघडली. माल्टा गाठता येईना. जहाजावर उतरण्याचं शिक्षण नाही, विमानाला हूक नाही, तरी त्यानं दुसऱ्या प्रयत्नात ‘वास्प’वर स्पिटफायर उतरवलं. समोरची कडा काही फुटांवर होती.

बायको आणि पाच मुलांना घेऊन उतरला, ती गोष्ट खरी का?

पूर्ण खरी. एप्रिल १९७५ चा शेवट, सायगाव पडत होतं. दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलातले मेजर बुआंग ली यांनी कॉन सोन बेटावरून सेसना बर्ड डॉग हे दोन माणसांचं विमान उचललं. आत पत्नी आणि पाच मुलं. समुद्रावर त्यांना अमेरिकेचं ‘मिडवे’ दिसलं. रेडिओवर संपर्क होईना. त्यांनी चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. आधीच्या चिठ्ठ्या वाऱ्यानं समुद्रात गेल्या. शेवटची पिस्तुलाच्या कातडी म्यानात घालून टाकली, ती डेकवर पडली. तासभराचं इंधन आहे, हेलिकॉप्टरं बाजूला करा, मी उतरू शकतो, आम्हाला वाचवा, असा मजकूर होता.

डेक हेलिकॉप्टरांनी खचाखच भरलेला, कारण लोकांना वाचवून आणायचं काम तासन्‌तास चालू होतं. जवळ पाण्यात उतर म्हणावं, तर न मिटणाऱ्या चाकांचं विमान पाण्याला लागताच उलटतं, आणि आत पाच मुलं. कॅप्टन लॉरेन्स चेंबर्स यांनी हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला सांगितलं. सुमारे एक कोटी डॉलरची हेलिकॉप्टरं पाण्यात गेली. आपलं कोर्ट मार्शल होणार, असं त्यांना वाटत होतं. दुसरा हुकूम अधिक हुशारीचा होता: डेकवरच्या तारा काढा. लढाऊ विमानाला थांबवणाऱ्या त्याच तारांत बर्ड डॉगची छोटी चाकं अडकली असती.

वरचा ६०, २५ आणि १५ चा हिशेब आठवा. मिडवेनं २५ नॉट वेग घेतला, वारा १५ नॉटचा होता. विमानानं डेकवर एक उडी घेतली आणि ते बरीच जागा शिल्लक ठेवून थांबलं. खलाशी धावत सुटले. मेजर बुआंग यांनी आयुष्यात कधी जहाजावर विमान उतरवलं नव्हतं.

कोर्ट मार्शल झालं नाही, चेंबर्स पुढे रिअर ॲडमिरल झाले. ते छोटं विमान पेन्साकोलाच्या संग्रहालयात आहे, मिडवे सॅन डिएगोत.

चाकं नसलेलं विमान उतरवलं होतं म्हणे?

हो. ब्रिटनचे एरिक ब्राउन यांच्या नावावर २,४०७ डेक लँडिंगचा विक्रम आहे. जहाजावर पहिलं जेट त्यांनीच उतरवलं, ३ डिसेंबर १९४५ ला ‘ओशन’वर. पुढे १९४८ मध्ये ‘वॉरियर’वर हवेनं फुगवलेल्या रबरी गादीवर त्यांनी व्हॅम्पायर जेट चाकं बाहेर न काढता, पोटावर उतरवलं. चाकं नसतील तर वजन वाचेल, असा विचार होता. उतरवणं उत्तम जमलं. पण उतरल्यावर ते हलवायचं कसं? प्रत्येक वेळी क्रेन आणायची, ढकलगाडीवर ठेवायचं, तोवर मागची विमानं हवेत घिरट्या घालणार. शिवाय हे विमान बाकी जगात कुठंच उतरू शकणार नाही. कल्पना गुंडाळली.

हवाई जहाज, म्हणजे फुग्यासारखं एअरशिप, उतरलंय का?

२७ जानेवारी १९२८ ला ‘लॉस एंजेलिस’ हे एअरशिप ‘सॅराटोगा’वर टेकलं, सामान घेतलं आणि गेलं. १९३१ मध्ये ‘लँगली’वर डोक्यावर पंखा फिरणारं ऑटोजायरोही उतरलं.

याच्या उलट प्रकार मला जास्त आवडतो. ‘ॲक्रॉन’ आणि ‘मेकन’ ही एअरशिपच विमानवाहू होती! स्पॅरोहॉक नावाची छोटी विमानं खालून येऊन लोंबत्या झोक्याला हूक अडकवत आणि पोटात ओढून घेतली जात. वैमानिकांना ते फारसं अवघड वाटत नसे, कारण दोघांच्या वेगात फरक जवळजवळ नसेच. बुडाले ते वाहकच: ॲक्रॉन १९३३ मध्ये ७३ जणांसह, मेकन १९३५ मध्ये.

हॅरिअर उभ्यानं उतरतं, मग त्याला काय कुठंही उतरता येईल?

जवळजवळ. ६ जून १९८३ ला ब्रिटिश नौदलाचे तरुण वैमानिक इयन वॉटसन पोर्तुगालजवळ भरकटले. रेडिओ बंद, इंधन संपत आलेलं, आपलं जहाज सापडेना. ‘अल्राइगो’ हे स्पॅनिश मालवाहू जहाज दिसलं, त्यांनी सी हॅरिअर कंटेनरवर टेकवलं. ते मागे घसरलं आणि शेपूट एका व्हॅनवर बसलं. विमान त्याच अवस्थेत कॅनरी बेटांवर पोचलं.

आपल्या नौदलानं हेच सी हॅरिअर १९८३ पासून जुन्या विक्रांतवर आणि नंतर विराटवर वापरलं. मे २०१६ मध्ये गोव्यात त्याला निरोप दिला.

भारतीय नौदलात असं काही वेगळं घडलंय का?

१९७१ चं उदाहरण घ्या. जुन्या विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला होता, वेग घटलेला. वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी, म्हणजे उडणंही अवघड आणि उतरणंही. तरी तिच्यावरून सी हॉक जेट आणि पंख्याची अलिझे विमानं उडाली आणि डिसेंबरमध्ये कॉक्स बाजार, चितगाव इथं हल्ले केले. अलिझे मुळात पाणबुड्या शोधणारं तीन माणसांचं विमान. त्याला बॉम्बफेकीला जुंपलं, हेच वेगळेपण.

अलीकडचं म्हणजे तेजसची नौदल आवृत्ती. ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ती विक्रमादित्यवर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उडवली. त्याआधीचा सराव गोव्यात, जमिनीवरच बांधलेल्या डेकवर झाला. तिथं स्की-जंप, म्हणजे उडताना विमानाला वर उचलणारा चढही आहे आणि ताराही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेजस नव्या विक्रांतवरही उतरलं. तरी ते ताफ्यात येणार नाही, नौदलाला दोन इंजिनांचं विमान हवंय. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एमचा करार झाला. तेजसची ती उड्डाणं वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. पुढचं विमान आखणाऱ्यांना डेकवरचा अनुभव त्यातूनच मिळाला.

आता वैमानिकच नसलेली विमानं?

एक्स-४७बी हे शेपूट नसलेलं ड्रोन मे २०१३ मध्ये कॅटापल्टनं उडालं आणि १० जुलै २०१३ ला तारेत हूक अडकवून उतरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’वर मोहावे हे ड्रोन तारेशिवाय उतरलं. एका वर्षानं तुर्कीच्या ‘अनादोलू’वर बायरक्तार टीबी-३. ही दोन्ही सावकाश उडणारी, पंख्याची, लांब पंखांची ड्रोन आहेत. त्यांना ना हूक लागला, ना तार. त्यामुळे कॅटापल्टवर अफाट पैसा न घालवताही लहान देशांना सपाट डेकचं जहाज कामाला लावता येईल, असं मला वाटतं. पुढच्या दहा वर्षांत नजर ठेवावी अशी गोष्ट हीच.

माझ्या मुलीला हेच उडवायचंय. सोलापुरातून कसं जमेल?

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, मग एनडीए किंवा नौदलाचे इतर मार्ग. एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे. राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला आहे, दहावीच्या वर्षातच तिची चौकशी करा. जुलै २०२५ मध्ये सब-लेफ्टनंट आस्था पुनिया यांची नौदलाच्या लढाऊ शाखेसाठी निवड झाली, त्या पहिल्या महिला. डोळे आधी तपासून घ्या, लाखो रुपये क्लासला भरल्यानंतर नको.

ही विमानं जवळ कुठं बघायला मिळतील?

गोव्यात, दाबोळी विमानतळाजवळच्या नौदल विमान संग्रहालयात. सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर तिन्ही आहेत. सोलापूरचं विमान मोपाला उतरतं, तिथून दाबोळी बरंच लांब, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. मुंबईतली जुनी विक्रांत बघायला जाऊ नका, ती २०१४ मध्ये भंगारात निघाली. संग्रहालयाच्या अंगणात तीन शेपट्यांचं, चार इंजिनांचं एक भलंमोठं विमान आहे. हे विक्रांतवरून उडायचं का, असं तिथं बरेच जण विचारतात. ते सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, नंतर समुद्रावर गस्त घालणारं, आणि उडालं ते कायम जमिनीवरच्या धावपट्टीवरून.